पंधरा फुटांवरची लाज

शाळेत मी वर्गातला सगळ्यात उंच मुलगा होतो. उंच मुलाला आपल्याकडे दोन कामं न मागता मिळतात. एक, वर्गातला पंखा पुसायचं आणि दुसरं, बास्केटबॉलच्या टीममध्ये उभं राहायचं. शाळेच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं. रिंगला जाळी नव्हती, बोर्ड एका बाजूला कललेला. पीटीचे सर जुन्या पठडीतले. मी फ्री थ्रोला उभा राहिलो की दहातले जेमतेम तीन जायचे. एके दिवशी सरांनी बॉल माझ्या दोन्ही हातांत दिला, गुडघे वाकवायला लावले आणि म्हणाले, "विहिरीतून बादली वर घेतोस ना, तसा खालून सोड."

सोडला. त्या संध्याकाळी दहातले सहा गेले. पण कोर्टाच्या कडेला बसलेली पोरं फिदीफिदी हसत होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, दादीअम्मा आली!" दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा वरून फेकायला लागलो. तालुक्याच्या सामन्यात माझे दोन्ही फ्री थ्रो हुकले. आम्ही तसेही हरणारच होतो, फरक मोठा होता. पण सरांनी सामन्यानंतर माझ्याकडे नुसतं पाहिलं, बोलले काहीच नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या विल्ट चेंबरलेनबद्दल वाचायला मिळालं आणि मी थबकलो. जगाने पाहिलेल्या सर्वात ताकदवान बास्केटबॉलपटूंपैकी हा एक. त्याचीही 'दादीअम्मा' झाली होती आणि तोही पळाला होता. फरक एवढाच की त्याने तसं लिहून कबूल केलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. समोरच्याने नियमबाह्य धक्का दिला, हात मारला, की फाउल होतो आणि ठरावीक फाउलना फ्री थ्रो मिळतो. बोर्डापासून १५ फुटांवर एक रेघ. तिथे उभं राहायचं. कुणी अडवत नाही, कुणी अंगावर येत नाही. रिंग १० फूट उंचीवर, तिचा व्यास १८ इंच, बॉल साधारण साडेनऊ इंचांचा. गेला तर एक गुण. सगळ्या खेळात एवढी एकच जागा अशी आहे जिथे प्रतिस्पर्धी कुणी नाही. खेळाडू, रिंग आणि हजारो डोळे. बास्केटबॉलमधले इतर सगळे क्षण उंची, वेग, उडी यांवर जातात. या रेघेवर सात फुटी माणूस आणि साडेपाच फुटी माणूस सारखेच.

पूर्वी हा प्रश्न सोपा होता. १८९१च्या डिसेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ काढला. त्यानंतरची बरीच वर्षं संघातला एकच तरबेज खेळाडू सगळ्यांचे फ्री थ्रो घेऊ शकायचा. १९२०च्या दशकात नियम बदलला. ज्याच्यावर फाउल झाला त्यानेच फेकायचं. हा बदल झाला नसता तर आजचा हा लेख लिहायची गरजच पडली नसती.

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६चा, फिलाडेल्फियाचा. घरात भावंडांचा गोतावळा. ओव्हरब्रुक हायस्कूलमध्ये असतानाच त्याचं नाव देशभर गेलं. उंची ७ फूट १ इंच. नुसता उंच नव्हता, धावायचा, उंच उडी मारायचा. शाळेच्या वयात तो फ्री थ्रोच्या रेघेमागून धावत येऊन, झेप घेऊन बॉल थेट रिंगमध्ये दाबायचा असं सांगतात. फेकणाऱ्याने बॉल रिंगला लागेपर्यंत रेघ ओलांडायची नाही, या नियमाचं श्रेय त्यालाच दिलं जातं. म्हणजे ज्या रेघेने पुढे त्याला आयुष्यभर छळलं, तिच्यावरचा पहारा कडक व्हायला तोच कारण ठरला म्हणतात. पुढे एनबीएने रिंगखालची पट्टी १२ फुटांवरून १६ फूट रुंद केली तीही १९६४ साली, मुख्यतः त्याच्या धास्तीने.

१९५५ साली तो कान्सास विद्यापीठात गेला. इथली एक हकिकत मला महत्त्वाची वाटते. लॉरेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या आसपासच्या हॉटेलांत काळ्या लोकांना बसू देत नसत. एकोणीस वर्षांचा विल्ट सरळ आत जाऊन बसायचा आणि जेवण मागायचा. ज्या मुलाच्या जोरावर विद्यापीठ जिंकणार होतं त्याला हाकलायची कुणाची हिंमत झाली नाही. हळूहळू इतरांसाठीही ती दारं उघडली. त्याने मोर्चा काढला नाही, भाषण दिलं नाही. पण आपल्याकडे चहाच्या वेगळ्या कपांचा इतिहास ज्यांना माहीत आहे, त्यांना हॉटेलात नुसतं जाऊन बसण्याची किंमत समजावून सांगावी लागू नये.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे आहे ते भित्रेपणाची गोष्ट म्हणून वाचलं जाऊ नये.

विद्यापीठाचं शिक्षण अर्धवट सोडून तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्सबरोबर वर्षभर जग फिरला आणि १९५९ साली फिलाडेल्फिया वॉरियर्समध्ये आला. पहिल्याच हंगामात सामन्यामागे ३७.६ गुण, २७ रिबाउंड. नवोदितांचा पुरस्कार त्याला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचाही त्यालाच. फक्त फ्री थ्रोमध्ये गडी लंगडा होता. पहिल्या वर्षी शंभरातले ५८ गेले, दुसऱ्या वर्षी जेमतेम ५०. लीगची सरासरी तेव्हा सत्तरच्या पुढे होती. ४ नोव्हेंबर १९६०ला डेट्रॉइटविरुद्ध त्याने दहा फ्री थ्रो घेतले आणि दहाच्या दहा हुकवले.

मग १९६१-६२चा हंगाम आला. त्या काळात विल्ट राहायचा न्यूयॉर्कला आणि खेळायला फिलाडेल्फियाला जायचा. हार्लेममधल्या 'स्मॉल्स पॅराडाइज' या नामांकित नाइटक्लबमध्ये त्याची मालकी होती. वाचकांतल्या काहींना हे नाव ओळखीचं वाटेल. वीस वर्षांपूर्वी याच क्लबात माल्कम नावाचा एक पोरगा वेटरचं काम करून गेला होता, तोच पुढचा माल्कम एक्स. असो.

या हंगामात विल्ट फ्री थ्रो खालून फेकत होता. दोन्ही हात बॉलच्या दोन्ही बाजूंना, गुडघे वाकलेले, बॉल मांड्यांच्या मधून वर. अमेरिकेत याला 'ग्रॅनी शॉट' म्हणतात. आपल्या शाळेतल्या पोरांनी तो शब्द ऐकला नव्हता, तरी भाषांतर अचूक केलं होतं. खरं म्हणजे एके काळी मोठमोठे पुरुष खेळाडू असंच फेकत. एका हाताने उडी मारून फेकण्याची पद्धत रुळली, तशी ही म्हातारी ठरली.

ती चालते का, याचं साधं गणित आहे. वरून एका हाताने फेकताना खांदा, कोपर, मनगट, बोटं या सगळ्यांचा मेळ बसावा लागतो. एकाने दगा दिला की बॉल डावी-उजवीकडे जातो. खालून फेकताना दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घेतात. शिवाय बॉल संथ आणि उंच जातो, मागे फिरत फिरत रिंगवर हलकेच टेकतो. कडेला लागला तरी उसळून बाहेर न जाता आत लोळायची शक्यता जास्त. त्यात उंचीचा फायदा वेगळाच. बॉल ४५ अंशांच्या कोनात खाली आला तर १८ इंचांची रिंग त्याच्यासाठी पावणेतेरा इंचांची उरते. ३० अंशांत आला तर फक्त ९ इंच, म्हणजे बॉलपेक्षाही लहान. विल्टचे पंजे इतके मोठे की बॉल त्याच्या एका हातात संत्र्यासारखा दिसायचा. अशा हाताला नाजूक काम जमत नाही. दोन हातांनी धरला की तो निदान बॉलसारखा वाटत असावा.

त्या हंगामात त्याने १३६३ फ्री थ्रो घेतले आणि ८३५ घातले. ६१.३ टक्के, त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम आकडा. सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण. हा विक्रम आजवर कुणाच्या जवळपासही आलेला नाही. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि विल्ट सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर होता, कारण जादा वेळेतही तो बाहेर बसत नसे.

आणि २ मार्च १९६२. पेनसिल्व्हेनियातलं हर्शी हे चॉकलेटच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं गाव. तिथल्या मैदानात ४१२४ प्रेक्षक. टीव्हीचे कॅमेरे नव्हते. समोर न्यूयॉर्क निक्स. पहिल्या पाव भागातच विल्टने नऊ फ्री थ्रो घेतले आणि नऊच्या नऊ घातले. मध्यंतराला ४१ गुण, तिसऱ्या भागाअखेर ६९. मग प्रेक्षक शंभराचा घोष करू लागले. निक्सवाले विल्टच्या हातात बॉल जाऊ नये म्हणून त्याच्या साथीदारांवर फाउल करत सुटले. बॉल परत मिळावा म्हणून वॉरियर्सही फाउल करू लागले. खेळ कमी आणि धरपकड जास्त, असा तो शेवट होता. ४६ सेकंद उरले असताना शंभर पूर्ण झाले. सामन्यानंतर एका कागदावर हाताने '१००' लिहून तो विल्टच्या हातात दिला आणि फोटो काढला. तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल.

फोटोत न दिसणारी गोष्ट म्हणजे त्या १०० गुणांतले २८ फ्री थ्रोचे होते. ३२ घेतले, २८ घातले. जन्मभर जो माणूस त्या रेघेवर अडखळला, त्याची सर्वात मोठी रात्र त्याच रेघेने घडवली, तीही 'दादीअम्मा'च्या पद्धतीने.

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल, आता हा गडी जन्मभर असंच फेकेल. पण त्याने ही पद्धत सोडली.

पुढचे आकडे असे. १९६२-६३ला ५९.३, मग ५३.१, मग ४६.४. मध्ये एकदा ५१वर आला, मग ४४.१ आणि १९६७-६८ला ३८ टक्के. त्या वर्षी १ डिसेंबरला सिएटलविरुद्ध त्याने एका सामन्यात २२ फ्री थ्रो हुकवले. हा विक्रम २०१६च्या जानेवारीपर्यंत टिकला. वेगवेगळ्या तऱ्हा करून पाहिल्या, उभं राहण्याची जागा बदलली, हात बदलला. खालून मात्र नाही.

सगळा दोष पद्धत सोडण्यावर टाकणं न्यायाचं होणार नाही. एका हंगामाचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, आणि ६१ टक्के हाही काही मोठा पराक्रम नाही. पण १९६७-६८चं तेच वर्ष दुसऱ्या बाजूने बघा. लोक म्हणत होते की विल्ट स्वतःसाठीच खेळतो. त्याने मनावर घेतलं आणि त्या हंगामात अख्ख्या लीगमध्ये सर्वात जास्त असिस्ट, म्हणजे साथीदारांना बास्केटसाठी दिलेले पास, त्याच्या नावावर लागले. ७०२. सेंटरच्या जागेवर खेळणाऱ्याने असं करणं म्हणजे यष्टिरक्षकाने सर्वाधिक बळी घेण्यासारखं. माणसाला नवं काही शिकता येत नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही. त्याला जे शिकायचं होतं ते तो शिकला.

कारण त्याने स्वतःच दिलं. १९९१ साली आलेल्या 'अ व्ह्यू फ्रॉम अबव्ह' या पुस्तकात तो लिहितो की खालून फेकताना आपण मूर्ख, बायकी दिसतो असं त्याला वाटायचं. आपलं चुकलं, हेही कबूल करतो. इतिहासातले काही उत्तम फ्री थ्रोवाले असंच फेकत होते हे आपल्याला माहीत होतं, तरी जमलं नाही, असा त्याचा सूर आहे.

मी हा मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. मला राहून राहून लॉरेन्सची हॉटेलं आठवत होती. गोऱ्यांच्या हॉटेलात बसताना त्याच्याकडे रोखून बघणारे डोळे होते, कदाचित हातही उगारले गेले असते. तिथे तो डगमगला नाही. तिथे समोरचा अन्याय करत होता, आणि अन्यायापुढे ताठ उभं राहणारा माणूस स्वतःच्या नजरेत मोठा होतो. हसण्यापुढे तसं काही नसतं. हसणारा तुम्हाला शत्रूसुद्धा मानत नाही. विल्टला लहानपणापासून लोक नमुना म्हणून बघत आले होते. त्याला आपल्या उंचीवरून पडलेली टोपणनावं आवडत नसत. गोलायथच्या बाजूने कुणी टाळ्या वाजवत नाही, हे त्याचं दुःख तो बोलून दाखवायचा. गोलायथ म्हणजे आपला जालूत. दाऊद आणि जालूतची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तेव्हा जालूतला काय वाटत असेल, असा विचार कुणाच्या मनात येतो? जालूतने एकदा आजीबाईसारखं वाकून उभं राहायचं आणि वीस हजार लोकांनी हसायचं, हे त्याला सोसवलं नसावं. काळ्या पुरुषाच्या मर्दानगीची त्या काळच्या अमेरिकेत जी थट्टा आणि जी भीती एकाच वेळी चालायची, तीही या हिशेबात धरायला हवी.

हट्टाची किंमत कधी मोजावी लागली, असं विचाराल तर मी ५ मे १९६९ ही तारीख सांगेन. विल्ट तेव्हा लॉस एंजेलिस लेकर्समध्ये होता. बरोबर जेरी वेस्ट, एल्जिन बेलर. समोर बॉस्टन सेल्टिक्स आणि विल्टचा जुना प्रतिस्पर्धी बिल रसेल, त्याचा हा अखेरचा सामना. अंतिम मालिका ३-३. सातवा सामना लेकर्सच्या घरी. मालक जॅक केंट कुक यांना विजयाची इतकी खात्री की छताला जाळ्यांत हजारो फुगे बांधून ठेवले होते, जिंकताच सोडायला. रसेलने ते फुगे पाहिले होते.

विल्टने मैदानातून आठ वेळा फेकलं आणि सात वेळा घातलं. २७ रिबाउंड घेतले. आणि १३ फ्री थ्रोंपैकी ४ घातले. नऊ वाया. शेवटच्या काही मिनिटांत गुडघा दुखावला म्हणून तो बाहेर आला. मग परत जायला तयार झाला, तर कोच व्हॅन ब्रेडा कॉल्फ यांनी त्याला घेतलं नाही. वेस्टने ४२ गुण काढत लेकर्सना एका गुणावर आणून ठेवलं. त्या घटकेला सेल्टिक्सच्या जॉन हॅवलिचेकच्या हातून बॉल निसटला आणि फ्री थ्रोच्या रेघेजवळ उभ्या असलेल्या डॉन नेल्सनकडे गेला. नेल्सनने घाईत फेकला. बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, सरळ वर उडाला आणि सरळ खाली जाळीत पडला. सेल्टिक्स १०८, लेकर्स १०६.

दोन गुण. फुगे छतालाच राहिले. शेवटच्या मिनिटांत मैदानाबाहेर बसल्याबद्दल रसेल नंतर विल्टविषयी जे बोलला, त्यामुळे दोघांमध्ये सुमारे वीस वर्षं अबोला राहिला. लोक त्या गुडघ्यावर आणि त्या कोचवर वाद घालत बसले. नऊ हुकलेल्या फ्री थ्रोंची चर्चा मात्र कमी झाली, कारण त्यांची सगळ्यांना सवय झाली होती.

या डॉन नेल्सनचा किस्सा इथे संपत नाही. लेकर्सनीच त्याला काही वर्षांपूर्वी संघातून काढलं होतं. आणि त्याची स्वतःची फ्री थ्रो फेकण्याची तऱ्हा अशी की पाहणाऱ्याला हसू फुटावं. उजव्या पायाची बोटं रेघेवर, डावा पाय मागे, सगळं अंग पुढे झुकलेलं, बॉल एकाच हातावर तोललेला आणि फेकताना एक छोटी उडी. चांगलंच विचित्र दिसायचं. त्याची कारकिर्दीची सरासरी ७६.५ टक्के. त्या रात्री एकाच मैदानात हे दोघे होते. एकाने आपली वेडीवाकडी पद्धत ठेवली, दुसऱ्याने टाकली.

मग रिक बॅरीचं नाव घ्यावंच लागतं. न्यू जर्सीचा हा मुलगा. वडिलांनी खालून फेकायला शिकवलं तेव्हा त्यानेही आधी नकार दिला होता, मुली असं फेकतात म्हणून. वडील मागेच लागले. बॅरी सांगतो की शाळेच्या एका सामन्यात प्रेक्षकांतून कुणीतरी त्याला बायकी म्हणून हिणवलं, तेव्हा शेजारच्याने त्या माणसाला गप्प केलं. हा पोरगा हुकवतच नाही, मग हसतोस कशाला? बॅरीच्या डोक्यात तेव्हा काहीतरी कायमचं बसलं. एनबीएमधली त्याची सरासरी ९० टक्के. १९७८-७९ या हंगामात त्याने १६९ घेतले आणि १६० घातले. अख्ख्या हंगामात नऊ हुकले. विल्टने एका रात्रीत नऊ हुकवले होते.

बॅरी स्वभावाने तिखट, फटकळ. साथीदारांना तो फारसा आवडायचा नाही म्हणतात. कदाचित म्हणूनच त्याला जमलं. लोकांना आपण आवडावं, अशी त्याची फार इच्छाच नव्हती. विल्टची होती.

विल्टने दोनदा अजिंक्यपद जिंकलं. १९६७ला फिलाडेल्फियाकडून, तेव्हा समोरच्या संघात बॅरीच होता, आणि १९७२ला लेकर्सकडून, त्या वर्षी लेकर्स सलग ३३ सामने जिंकले होते. १९७३ला तो थांबला. ३१,४१९ गुण. ११,८६२ फ्री थ्रोंपैकी ६०५७ यशस्वी. म्हणजे ५८०५ हुकलेले. १९६२ची टक्केवारी टिकवली असती तर आणखी बाराशेच्या वर गुण पडले असते, मी कागदावर गुणून पाहिलं.

१९८४च्या एप्रिलमध्ये त्याचा गुणांचा विक्रम करीम अब्दुल जब्बारने मोडला. आपल्या घरांत हे नाव अभिमानाने घेतलं जातं. पण विक्रम कोणत्या शॉटने मोडला, ते सहसा कुणी सांगत नाही. 'स्कायहुक'ने. बाजूने उभं राहून, हात डोक्यावरून कमानीसारखा फिरवत टाकायचा हा शॉट म्हणजे जुन्या जमान्यातल्या हुकचंच रूप. बाकीच्यांना तो कालबाह्य वाटत होता. करीमने लहानपणी शिकलेली ती तऱ्हा वीस वर्षं व्यावसायिक खेळात वापरली. १९७१ साली नाव बदललं तेव्हा त्यालाही टोमणे, रोष, सगळं सोसावं लागलं होतं. त्याची नंतरच्या काळातली मुलाखत पाहिली की जाणवतं, या माणसाने लोकांच्या हसण्याचा हिशेब तेव्हाच मिटवून टाकला असावा. करीमनंतरही स्कायहुक कुणी मन लावून उचलला नाही, हीसुद्धा एक गंमतच.

फ्री थ्रोची व्यथा मात्र वारसा हक्काने पुढे गेली. विल्टच्या काळात शेवटच्या मिनिटांत विरोधक बॉल सोडून त्याच्याच मागे धावायचे, त्याला फाउल करायला. तो मैदानभर त्यांना चुकवत पळायचा. शेवटी शेवटच्या दोन मिनिटांत बॉलपासून दूर असलेल्या खेळाडूवर फाउल केला तर फ्री थ्रो आणि वर बॉलही समोरच्याला, असा नियम आला. १९९७च्या डिसेंबरमध्ये डल्लासच्या कोचने हीच युक्ती वेगळ्या वेळी, डेनिस रॉडमनवर वापरली. बब्बा वेल्स नावाच्या खेळाडूला त्याच कामावर लावलं, तो तीन मिनिटांत सहा फाउल करून बाद झाला. रॉडमनने बारापैकी नऊ घातले आणि डल्लास हरलं. कोच होते डॉन नेल्सन. तेच, वर उडालेल्या बॉलवाले.

नेल्सननी युक्ती सोडली नाही. पुढे ती शॅकिल ओनीलवर आली आणि त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. शॅकिल म्हणजे आपलं शकील. या शकीलने ८ डिसेंबर २०००ला विल्टचा तो दहाच्या दहाचा विक्रम मोडला, अकराच्या अकरा हुकवून. बॅरीने त्यालाही खालून फेकायला सुचवलं होतं. शून्य गुण मिळाले तरी चालतील पण खालून फेकणार नाही, असं शकील उघड सांगत आला. कारकिर्दीत ५२.७ टक्के. त्याच्या हुकलेल्यांची संख्या ५३१७, विल्टच्या खालोखाल.

विल्ट १२ ऑक्टोबर १९९९ला बेल एअरच्या घरी झोपेत गेला. वय ६३. हृदयविकार.

२०१६ साली ह्यूस्टनकडून चिनानू ओनुआकू नावाचा एक तरुण एनबीएत आला. विद्यापीठात त्याने कोचच्या सांगण्यावरून खालून फेकायला सुरुवात केली होती आणि त्याचा आकडा ४६.७ वरून ५८.९ टक्क्यांवर गेला होता. डिसेंबरमध्ये एनबीएतले आपले पहिले दोन फ्री थ्रो त्याने तसेच फेकले. दोन्ही गेले. त्याची कारकीर्द तिथे फार काळ चालली नाही, पण त्या सामन्याची छोटीशी चित्रफीत आहे. मी ती मोबाइलवर पाहत होतो. ओनुआकू वाकतो, बॉल मांड्यांच्या मधून वर येतो, आणि मागच्या रांगांतून हसण्याचा एक आवाज येतोय की काय, म्हणून मी आवाज वाढवून पुन्हा लावली.